पाणी फिरत होतं

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
४ ऑगस्ट २०२४

शहरबानू भाबी, सलाम.

रिझवान गावाहून परत आला, तुमचा निरोप दिला. बद्रूभाई कसे गेले ते लिहून पाठवा, फोनवर नको, फोनवर घरातले सगळे मध्येमध्ये बोलतात, असं तुम्ही म्हणालात. खरं आहे. पण भाबी, मी बंदरमोहल्ल्याच्या शाळेत निबंधात कायम नापास. गेले आठ दिवस कागद घेऊन बसतोय, 'सलाम'च्या पुढे गाडी सरकत नाही. आज बसलोच.

तांबड्या समुद्रात लढाई चालू आहे हे आम्हाला ठाऊक होतं. तरी जहाज तिथूनच चाललं होतं. सकाळी एक बिनमाणसाची होडी स्फोटकं भरून आली आणि आमच्या इंजिनपाशी आदळली. इंजिन खलास. मग चार छोट्या होड्या आल्या, त्यांच्यात बंदुका घेतलेली माणसं. त्यांना जहाजावर चढायचं होतं. आमचं मालवाहू जहाज, आमच्याकडे बंदूक कुठली असणार? आग विझवायचे पाइप होते, आणि त्यांचा पंप तेवढा चालू होता.

कॅप्टननं जहाज सोडायचा हुकूम दिला. पण लाइफबोट खाली सोडायला वेळ लागतो, आणि तोवर त्या होड्या लांब राहायला हव्या होत्या. बद्रूभाई जहाजाच्या मागच्या कठड्याशी पाइप घेऊन उभे राहिले. पाण्याचा मारा तोंडावर बसला की होडीतल्या माणसाला नेम धरता येत नाही. बंदुकीसमोर पाणी, भाबी. कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण त्या पाण्यानं होड्या मागे हटल्या आणि आम्ही बाकीचे सगळे उतरलो.

शेवटी छातीत गोळी लागली. माझ्या डोळ्यांसमोर पडले. त्रास झाला नाही, एवढं मी तुम्हाला खात्रीनं सांगतो. ओठ हलत होते, कलमाच असणार. मग जहाज पेटलं आणि बुडालं, त्यामुळे मय्यत आणता आली नाही.

फिझाला सांगा, तुझ्या अब्बूंसारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तुमचा भाऊ,
नूरुद्दीन

*

बंदरमोहल्ला, रत्नागिरी
२५ ऑगस्ट २०२४

नूरभाई, वालेकुम सलाम.

हे पत्र सासऱ्यांना विचारून लिहितेय, आणि पाकिटात घालण्याआधी ते वाचणार आहेत, तेव्हा आधी त्यांचा सलाम घ्या.

तुमचं पत्र मी घरात मोठ्यानं वाचलं. सासूबाई दोनदा उठून गेल्या आणि दोनदा परत आल्या. मग सासरे तेच पत्र घेऊन काझीसाहेबांकडे गेले. कंपनीनं नुसतं 'बेपत्ता, बहुधा मृत' असं लिहिलं होतं, त्यावर काझीसाहेब मौत मानायला तयार नव्हते. डोळ्यांनी पाहिलेला माणूस पाहिजे, नाहीतर बाईनं चार वर्षं वाट बघायची, असं म्हणत होते. तुमचं पत्र वाचून म्हणाले, नूरुद्दीन मोहल्ल्यातला मुलगा, मयताचा दोस्त, खोटं कशाला लिहील? तर आजपासून मी इद्दतीत बसले. चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही.

मोहल्ल्यातली पोरं क्रिकेटची टूर्नामेंट भरवणार आहेत, 'शहीद बदरुद्दीन चषक'. मैदानाच्या भिंतीवर नाव रंगवलंसुद्धा. ह्यांना आयुष्यात एक कॅच घेता आला नाही हे मी कुणाला सांगत नाही.

एक विचारायचं होतं. ते पडले तेव्हा तुम्ही किती लांब होता? तुम्ही ओठ हलताना पाहिलेत म्हणजे जवळच असणार. शेवटच्या क्षणी आपलं माणूस जवळ होतं याचंच मला बरं वाटतं. तुमच्या अम्मीही आता मान ताठ करून चालतात.

शहरबानू

*

दुबई
२० ऑक्टोबर २०२४

भाबी, सलाम.

उशीर झाला, माफ करा. नवीन नोकरी लागली. समुद्रावरची नाही. दुबई मरीनाच्या धक्क्यावर हौशी लोकांच्या बोटींचे दोर धरायचे. सूट घातलेला माणूस बोटीत चढताना त्याचा हात धरायचा, बाईंची पर्स धरायची, "यल्ला, वेलकम, सर" म्हणायचं. फहददादा म्हणतो, तुझ्यासारख्या खलाशाला हे शोभत नाही. मला फार शोभतं.

फहददादाची एमान आहे ना, चौथीत गेली. ऊद मेथाच्या शाळेत त्यांना घरातल्या एका धाडसी माणसाला वर्गात आणायचं होतं. तिनं मला नेलं. मी नको नको म्हणत होतो. पोरगी वर्गासमोर उभी राहून म्हणते, "धिस इज माय नूर चाचू. ही वॉज इन अ रिअल सी बॅटल." तीस पोरं टाळ्या वाजवायला लागली. एकानं विचारलं, "डिड यू रन?" बाई त्याला रागावल्या. मी म्हटलं, बाथरूम कुठे आहे? आत जाऊन नळ सोडून उभा राहिलो. बाहेर आलो तर पोरांनी माझ्यासाठी कार्ड केलेलं, त्यावर जहाज आणि माझं चित्र. ते कार्ड फ्रिजवर लावलंय. पाणी प्यायला गेलो की दिसतं, म्हणून मी बाटली खोलीतच ठेवतो.

तुम्ही विचारलंत ते सगळं पुन्हा आठवायला नको वाटतं, भाबी. सावकाश कधीतरी. रिझवानकडून गावी या असा निरोप पाठवलात, तर नवीन नोकरीत रजा मिळत नाही.

रिझवानबरोबर फिझासाठी बूट आणि तुमच्या सासूबाईंसाठी गुडघ्याचं मलम पाठवतोय. इद्दत कधी संपते?

नूरुद्दीन

*

बंदरमोहल्ला
१९ जानेवारी २०२५

नूरभाई,

हे पत्र कुणी वाचलेलं नाही. रिझवानची बायको ते त्याच्या पिशवीत तळाशी घालणार आहे, तुम्हीही वाचून फाडून टाका.

इद्दत संपून पंधरा दिवस झाले. आणि आता जे लिहिणार आहे ते लिहिताना मला अशी लाज वाटतेय की दाराला कडी घातलीय.

फिझाच्या शाळेतले मुबीन मास्तर तुम्हाला आठवतील. उंच, थोडे वाकलेले, उन्हापावसात लाल छत्री वापरतात म्हणून सगळे हसतात. त्यांची बायको तीन वर्षांमागे गेली. त्यांनी सासऱ्यांना रीतसर विचारलं. मला वाटलं सासरे त्यांना हाकलून देतील. तर सासरे माझ्याजवळ येऊन बसले, म्हणाले, "बानू, तू सून म्हणून आलीस, लेक म्हणून पाठवतो. फिझा शाळेत जाताना इथेच जेवून जाईल." एवढं बोलून कोंबड्यांना हाकलायला अंगणात गेले. अंगणात एकही कोंबडी नव्हती.

ईद झाली की दुसऱ्या जुम्म्याला निकाह.

आता मुख्य गोष्ट. मी हो म्हटलं ते कुणाच्या दबावानं नाही, नूरभाई. मला ते आवडतात. नवरा असा मर्दासारखा गेला आणि बायको वर्षाच्या आत चुडे भरणार, लोक काय म्हणतील ते म्हणोत, पण माझं मलाच ओशाळं वाटतं. आरशात बघवत नाही. तुम्ही त्यांचे जिवलग, म्हणून तुम्हालाच विचारते. त्यांना चाललं असतं ना? तुम्ही हो म्हटलंत की मी निर्धास्त होईन.

बानू

*

दुबई
९ मार्च २०२५

भाबी,

तुमच्या पत्राला दीड महिना उत्तर दिलं नाही. तीन वेळा 'हो, चाललं असतं' असं लिहिलं आणि फाडलं. आज रोजा आहे. रोजा धरून खोटं लिहिता येईना.

मी त्यांना मरताना पाहिलं नाही.

छातीतली गोळी, ओठ, कलमा, सगळं मी बनवलं. मी शेवटचं पाहिलं तेव्हा बद्रूभाई जिवंत होते.

नीट सांगतो. कठड्याशी आम्ही दोघं होतो. डाव्या बाजूला ते, उजव्या बाजूला मी. दोन पाइप, चार होड्या. मी उभा राहिलो होतो, भाबी, एवढं खरं आहे. मग माझ्या डोक्याजवळचा लोखंडी खांब गोळीनं वाजला. मी पाइप टाकला आणि पळालो. कुणी हुकूम दिला नव्हता. पळताना मागून त्यांची हाक आली, "नूर, पाइप!" एवढीच. मी लाइफबोटीत घुसलो, सगळ्यांच्या खाली, बाकांच्या मध्ये.

बोट सुटली. लांब गेल्यावर मी डोकं वर काढलं. जहाजाच्या मागच्या बाजूला अजून पाणी उडत होतं. पाइप कठड्याला बांधून सोडला तर पाणी एकाच दिशेला पडत राहतं. ते पाणी फिरत होतं. डावीकडे, मग उजवीकडे माझ्या रिकाम्या जागेकडे, पुन्हा डावीकडे. एका पाइपवर ते दोघांचं काम करत होते. धूर आडवा येईपर्यंत मी ते पाहिलं. माझ्याबरोबर बोटीतल्या सगळ्यांनी पाहिलं.

मग चीफ ऑफिसर म्हणाला, "तो पडला. सगळ्यांनी पाहिलं ना?" तो पुन्हा म्हणाला. मग एकेकानं मान हलवली. जिवंत माणूस सोडून आलो हे कुणाला सांगणार? मीही हलवली. नंतर जहाज बुडाल्याचं कळलं. त्याआधी होडीवाल्यांनी त्यांना धरून नेलं का, ते पाण्यात पडले का, मला माहीत नाही. इथे खलाशी बोलतात की काही जहाजांवरच्या माणसांना त्यांनी किनाऱ्यावर कोंडून ठेवलंय. नावं कुणालाच ठाऊक नाहीत.

मी तुम्हाला पत्र लिहिलं ते माझं तोंड लपवायला. ते काझीसाहेबांपुढे जाईल असं मला वाटलं नव्हतं. इद्दतीचं वाचलं तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हा वाटलं, ते गेलेच असणार, बोलून काय होणार. आता तुमचा निकाह. नवरा जिवंत असताना निकाह झाला तर ते पाप तुमच्या माथी येईल आणि करणारा मी.

काय करायचं ते तुम्ही ठरवा. हे पत्र फाडून टाकलंत तरी मी कुणाला सांगणार नाही. मला माफ करा असं लिहायची माझी लायकी नाही.

नूरुद्दीन

*

बंदरमोहल्ला
२१ मार्च २०२५

नूरुद्दीन,

भाई म्हणायला जीभ उचलत नाही, राहू दे.

'तुम्ही ठरवा' म्हणे. 'फाडून टाकलंत तरी सांगणार नाही' म्हणे. वा. स्वतः पाइप टाकून पळालात, आणि आता हेही माझ्या हातात टाकून मोकळे.

मी नाही फाडलं. दोन दिवस पिठाच्या डब्यात ठेवलं. खोटं कशाला बोलू, चुलीजवळही नेलं होतं. मग इफ्तारनंतर सासऱ्यांना दिलं. चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं आणि विचारलं, "बद्रू जिवंत आहे?" त्यांच्या तोंडावर जो आनंद आला तो बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण माझ्या मनात पहिलं आलं ते हे नव्हतं. पहिलं आलं, निकाह मोडला.

मुबीन मास्तरांना मीच सांगितलं. ते म्हणाले, "असं असेल तर आपण थांबलं पाहिजे." आणि छत्री विसरून गेले.

आता मोहल्ल्याचं ऐका. कुणी म्हणतं, बाईचं मन बदललं म्हणून पत्र बनवून घेतलं. कुणी म्हणतं, तिला आधीपासून ठाऊक होतं, मास्तरवर डोळा ठेवून गप्प बसली. नळावर मी गेले की बायका कळशी अर्धवट भरून निघतात. काझीसाहेब म्हणतात, पहिलं पत्रही त्याच हाताचं आणि दुसरंही त्याच हाताचं, मी कुठलं खरं मानू? त्याला इथे उभा करा.

तर या. जुम्म्याच्या नमाजनंतर सगळ्यांसमोर उभे राहा आणि जे मला लिहिलंत ते तोंडानं बोला. तुमच्या लाजेचं ओझं सात महिने मी वाहिलं, मला माहीत नसताना. आता बदनामीही मीच वाहू?

एक मात्र सांगते. तुमच्या पहिल्या पत्रातला तो गोळी लागून गुपचूप पडणारा माणूस मला कधी ओळखीचा वाटला नाही. एकट्यानं दोन्हीकडे पाणी मारणारा, तो माझा नवरा. घरात पाहुणे आले की एकाच वेळी चहाही करायचे आणि पोरीची वेणीही घालायचे. ते वाचून मी रडले. इद्दतीत एवढी रडले नव्हते.

शहरबानू

*

दुबई
१६ एप्रिल २०२५

भाबी,

पंचवीस तारखेच्या जुम्म्याला मी मशिदीत असेन, इन्शाल्ला. तिकीट काढलं.

आधीच यायला हवं होतं. आधी म्हटलं ईदची गर्दी आहे. मग म्हटलं मालक रजा देत नाही. मालकाला मी विचारलंच नव्हतं. काल विचारलं तर म्हणाला, "हबीबी, गो."

फहददादा म्हणतो, वेडा झालायस का, अम्मीला मोहल्ल्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, बाकीचे सगळे गप्प आहेत ना? त्याचंही खरं आहे. चीफ ऑफिसरला मी फोन केला. त्यानं माझा नंबर ब्लॉक केला.

एमानला मी स्वतः सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "सो यू लाइड टू माय होल क्लास?" मी म्हटलं, हो. ती उठली, फ्रिजवरचं कार्ड काढलं आणि आपल्या दप्तरात ठेवलं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. हल्ली मी जेट्टीवरच जेवून येतो.

मी कानकोंडा झालोय, पण येतोय.

नूरुद्दीन

*

बंदरमोहल्ला
४ मे २०२५

नूरभाई, सलाम.

तुम्हाला कुणी सांगितलं की नाही ठाऊक नाही. त्या दिवशी मशिदीचा लाउडस्पीकर बंद करायचा राहून गेला होता. तुम्ही आत जे बोललात ते अख्ख्या मोहल्ल्यानं ऐकलं, बायकांनीसुद्धा. मी मागच्या अंगणात मासे साफ करत होते. तुम्ही 'मी पळालो' म्हणालात आणि मग बराच वेळ काही ऐकू येईना. मला वाटलं, संपलं, परत पळाले. मग तुम्ही सगळं सांगितलंत. हाकसुद्धा. "नूर, पाइप" हे सांगताना तुम्ही त्यांच्यासारखा आवाज काढलात. ठरवून नसेल काढला. सासूबाईंच्या हातातली परात खाली पडली.

त्यानंतर तुमच्या सलामाला फारसं कुणी उत्तर दिलं नाही, असं सासरे म्हणाले. तुमच्या अम्मी संध्याकाळी माझ्याकडे आल्या. उंबऱ्याच्या आत येईनात. मी हात धरून आणलं. त्या म्हणाल्या, "मी त्याला जेवायला वाढलं, पण त्याच्याकडे बघितलं नाही." आता त्यांना दुकानात कुणी आधी जा म्हणत नाही. मी त्यांच्याबरोबर जाते. नळावर माझ्याशी बायका बोलायला लागल्या आहेत. माझ्या अंगावरचा डाग तुम्ही पुसलात, तो तुमच्या अम्मीच्या अंगावर गेला.

टूर्नामेंटच्या पोरांना 'शहीद' ठेवायचं की काढायचं ते कळेना. शेवटी त्यांनी त्या एका शब्दावर पांढरा रंग मारला. आता भिंतीवर आधी कोरी जागा आणि मग 'बदरुद्दीन चषक' असं दिसतं.

काझीसाहेबांनी सांगितलं, जहाज गेलं त्या दिवसापासून चार वर्षं. मुबीन मास्तर म्हणतात, ते थांबतील. मी त्यांना थांबा म्हटलं नाही आणि थांबू नका असंही म्हटलं नाही.

तुम्ही शनिवारच्या पहाटे निघून गेलात. माझ्या दारावरूनच रस्ता आहे, पण तुम्ही आत आला नाहीत. मी चहा ठेवला होता. दुसऱ्यांदा तसंच केलंत, नूरभाई. पुढच्या वेळी या. फिझा मला विचारते, अब्बू मेले होते ते आता नाही मेले का? पाणी कसं फिरत होतं ते तुम्ही तिला सांगा. ते पाहिलेला माणूस तिला तुमच्याशिवाय कुठे भेटणार?

मी तुमच्यावर रागावलेली नाही असं नाही. पण तुम्हाला लाजेचं एवढं लिहिलं, तर माझंही लिहून टाकते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्याची सोय नाही. माझा नवरा कुठेतरी जिवंत असेल. त्यानं एवढ्या माणसांचे जीव वाचवले. तो कुठल्या कोठडीत असेल, त्याला खायला मिळत असेल की नाही, हे मनात येतं, आणि त्याच्या पाठोपाठ येतं की तुम्ही ते खोटं जन्मभर टिकवलं असतंत तर बरं झालं असतं. रोज एकदा तरी येतं. मास्तर शाळेला जाताना दिसले की येतं.

गेलेल्या माणसासाठी मगफिरत मागतात, जिवंत माणसासाठी सलामती. नमाज झाली की मी हात वर करते, त्यांचं नाव घेते, आणि पुढे काय मागायचं ते मला सुचत नाही. सासूबाई शेजारी बसून सलामती मागत असतात, मोठ्यानं. त्या 'आमीन' म्हणतात तेव्हा मीही म्हणते.

शहरबानू